विंचवाचं बिऱ्हाड

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मामांचं अडत दुकान आहे. हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची असते: पोती किती, वजन किती, दर काय निघाला, हमाली-तोलाईचे किती, पदरात किती. हंगामात मुनीमजी रात्री अकरापर्यंत या पट्ट्या लिहीत बसायचे. एका दिवाळीत मामेभाऊ म्हणाला, "दादा, तू तिकडं बेंगळुरूत एवढं काय काय करतोस, आमच्या पट्टीचं तेवढं बघ की."

बघितलं. परत आल्यावर दोन संध्याकाळी बसून पायथनमध्ये दीडशे ओळी लिहिल्या. सौद्याची नोंदवही फाइलमधून वाचायची, हिशेब करायचा, पट्ट्या छापण्याजोग्या करून द्यायच्या. माझ्या लॅपटॉपवर चहा गाळून होईपर्यंत अख्ख्या हंगामाच्या पट्ट्या तयार. खुशीत मेल करून टाकला. तिसऱ्या दिवशी फोन आला. "दादा, त्याच्यावर दोनदा क्लिक केलं तर विंडोज मलाच विचारतंय, हे कशानं उघडू?"

या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दीड महिना लागला. ही पुस्तिका त्या दीड महिन्याची आहे.

मी जे पाठवलं होतं तो खरं तर प्रोग्रॅम नव्हताच. प्रोग्रॅमचा मजकूर होता. पायथन, पर्ल, रूबी, टीसीएल या भाषांत लिहिलेला मजकूर प्रोसेसरला थेट कळत नाही. मध्ये दुभाषा लागतो, त्यालाच इंटरप्रिटर म्हणतात. हा दुभाषा काही एकटा राहत नाही. विंडोजवर 'पायथन' नावाची जी फाइल दिसते ती अगदीच किरकोळ असते. खरा जीव तिच्या शेजारच्या डीएलएल फाइलमध्ये असतो. तिच्यामागं भाषेसोबत येणारी शेकडो मॉड्यूल्स, त्यांच्यामागं आपण बाहेरून आणलेली, आणि त्यांतल्या काहींच्या पोटात सी भाषेतून घडवलेले यंत्रभाषेचे तुकडे. माझ्या लॅपटॉपवर हे सगळं कुटुंब वर्षानुवर्षं नांदत होतं, म्हणून मला ते दिसेनासं झालं होतं. सांगलीला मी त्या कुटुंबातली एक दीडशे ओळींची पोर तेवढी पाठवली होती.

"मग पायथन बसव की," असं मी त्याला फोनवर म्हणालोही. आज ते वाक्य आठवलं की ओशाळतो. त्याच्याकडं नेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट. कोणतं व्हर्जन? बत्तीस बिटांचं की चौसष्ट? बसवताना खाली एक बारीक चौकोन असतो, त्यावर खूण करायची राहिली की पुढचं सगळं अडतं. मग पिप, मग लायब्ररी, मग त्या लायब्ररीला लागणारी दुसरी लायब्ररी. हे सगळं कुणासाठी, तर मुनीमजींना पट्टी छापायची आहे म्हणून. 'तेवढं इन्स्टॉल करून घ्या' या चार शब्दांत आम्हा प्रोग्रॅमरांचा केवढा आळस आणि केवढा उद्धटपणा भरलेला असतो, हे समोरच्या टोकाला आपला मामेभाऊ बसल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडं बदलीच्या नोकरीतला माणूस स्वतःविषयी म्हणतो, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. विंचवीण पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते, त्यावरून. प्रोग्रॅमनंही तसंच निघावं, दुभाषा, मॉड्यूल्स, फॉन्ट, लागेल ते सगळं पाठीवर घेऊन एकाच फाइलीत जावं आणि जिथं पोचेल तिथं कुणाकडं काही न मागता कामाला लागावं, ही कल्पना या पुस्तिकेचा विषय आहे. इंग्रजीत तिला स्टँडअलोन एक्झिक्युटेबल म्हणतात. सांगलीत म्हणतात, "ईएक्सई करून दे."

बेंगळुरूत बसून हा प्रश्न सहसा दिसत नाही. इथं ज्याच्या त्याच्या यंत्रावर पायथन असतो, एकाचे तीनही असतात. 2009 च्या सप्टेंबरात पायकॉन इंडिया हे पायथनवाल्यांचं संमेलन देशात पहिल्यांदा भरलं, तेही इथल्याच भारतीय विज्ञान संस्थेत. पण याच शहरात बिऱ्हाडाचा दुसरा, उलटा प्रकार फार पूर्वीपासून चालत आला आहे. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं इथं केंद्र उघडलं आणि चिप डिझाइनचं काम शहरात रुजत गेलं. त्या कामाची बहुतेक मोठी सॉफ्टवेअरं आजही टीसीएलमधून हुकूम घेतात. 'टिकल' असा उच्चार करतात. आऊटर रिंग रोडच्या कचेऱ्यांत हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जात असेल याला गणती नाही. जॉन ओस्टरहाउट यांनी बर्कलीत 1988 मध्ये ही भाषा रचली ती मुळी दुसऱ्याच्या पोटात राहण्यासाठी. चिप डिझाइनचं प्रत्येक साधन आपापली अर्धीकच्ची आज्ञाभाषा घेऊन येई, त्याला ते कंटाळले होते. एक बरा इंटरप्रिटर घडवावा आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरात पोटभाडेकरू म्हणून बसवता यावा, एवढाच त्यांचा हेतू. त्या सॉफ्टवेअरासोबत टिकल आपोआप येतो. तो वेगळा बसवावा लागत नाही.

पोटभाडेकरूला स्वतःचं फिरतं घर देण्याची युक्तीही टिकलवाल्यांनीच फार सुबक करून दाखवली. ज्याँ-क्लोद विप्लर यांनी टीसीएलचा सगळा संसार 'टीसीएलकिट' नावाच्या एका फाइलीत बसवला. टीसीएलच्या 8.4 या आवृत्तीत आभासी फाइलव्यवस्थेची सोय आली, म्हणजे प्रोग्रॅमला वाटावं की आपण डिस्कवरच्या फोल्डरातून वाचतो आहोत आणि प्रत्यक्षात तो स्वतःच्याच पोटातून वाचत असावा. त्या जोरावर विप्लर आणि स्टीव्ह लँडर्स यांनी 'स्टारपॅक' आणला: इंटरप्रिटर, मॉड्यूल्स आणि आपला प्रोग्रॅम, तिन्हींची मिळून एक फाइल. पर्लमध्ये तेच काम 'पार' या साधनानं केलं. त्याच्या कर्त्या ऑड्री टँग पुढं तैवानच्या डिजिटल खात्याच्या मंत्री झाल्या. पायथनमध्ये अशी साधनं ढीगभर: थॉमस हेलर यांचं पायटूएक्सई, अँथनी टुइनिंगा यांचं सीएक्स-फ्रीझ, के हायन यांचं नुइटका, आणि गॉर्डन मॅकमिलन यांच्या जुन्या 'इन्स्टॉलर'मधून वाढलेलं पायइन्स्टॉलर. या पुस्तिकेतली बहुतेक उदाहरणं पायइन्स्टॉलरची आहेत, कारण माझा दीड महिना त्याच्याच सहवासात गेला.

आता यातली गंमत सांगतो. मला स्वतःला ती कळली तेव्हा रात्री झोप आली नव्हती. एका चालत्या प्रोग्रॅमच्या फाइलीला मागून भलतंच काहीतरी चिकटवलं तर ती बिघडायला हवी ना? बिघडत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम फाइल चालवायला घेते तेव्हा तिच्या सुरुवातीचा मजकूर वाचते. कोणता भाग कुठं, कुठून सुरू करायचं, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. त्यात ज्याचा उल्लेख नाही अशा शेपटाकडं ती ढुंकून पाहत नाही. फिल कॅट्झ यांनी 1989 मध्ये आणलेल्या झिप फाइलीची तऱ्हा बरोबर उलटी. तिची अनुक्रमणिका शेवटी असते, म्हणून वाचणारा शेवटापासून मागं येतो आणि आधी काय आहे याची फिकीर करत नाही. मग काय, एकाचं तोंड आणि दुसऱ्याचं शेपूट! पुढून वाचा, प्रोग्रॅम. मागून वाचा, सामानाची पेटी. सोळाव्या शतकात दैवज्ञ सूर्यपंडितांनी रामकृष्ण विलोमकाव्य रचलं, सुलट वाचलं की रामकथा आणि उलट वाचलं की कृष्णकथा. तीच ही किमया, फक्त इथं कवी दोन आणि दोघांनी एकमेकांना विचारलेलं नाही. विंडोजच्या ईएक्सईची पहिली दोन अक्षरं 'एमझेड', मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्कींची आद्याक्षरं. झिपच्या नोंदींवर 'पीके', कॅट्झ यांची. जोड-फाइलीच्या डोक्यावर एकाची सही, शेपटाकडं दुसऱ्याची.

पायइन्स्टॉलरची पेटी झिप नसते, त्याची स्वतःच्या घडणीची असते. पण युक्ती हीच. तोंडाशी सी भाषेत लिहिलेला एक छोटा बूटलोडर असतो. तो जागा होतो, स्वतःचीच फाइल उघडतो, शेवटाकडची खूण शोधतो, तिथून पेटीचा पत्ता काढतो, दुभाषाला उठवतो आणि त्याच्या हातात आपला मजकूर ठेवतो. पायथनमधली मॉड्यूल्स पेटीतून थेट स्मृतीत घेता येतात. डीएलएलचं मात्र तसं नाही. ती डिस्कवर खरीखुरी फाइल म्हणून असली तरच विंडोज तिला सरळपणे उचलतं. त्यामुळं एकाच फाइलीचा ईएक्सई दर वेळी सुरू होताना आपलं सामान एका तात्पुरत्या फोल्डरात उतरवतो, काम संपलं की आवरतो. मुनीमजींची तक्रार होती, "चालू व्हायला लई वेळ लावतंय." वेळ लागतो तो या उतरवण्याला. आणि मध्येच वीज गेली की ते सामान तसंच पडून राहतं. मामांच्या यंत्रावर अशी पंधरा-वीस बेवारस बिऱ्हाडं मला सापडली.

खरी डोकेफोड बांधण्यात नाही, काय काय बांधायचं हे ठरवण्यात आहे. साधन आपला प्रोग्रॅम वाचून त्यानं कोणती मॉड्यूल्स मागवली आहेत ते पाहतं, मग त्यांनी कोणती, मग त्यांनी कोणती. जे स्पष्ट लिहिलेलं आहे ते सापडतं. पण एखादं मॉड्यूल चालता चालता नाव जुळवून दुसऱ्याला हाक मारत असेल, तर ती हाक आधीपासून कशी ऐकू येणार? अशांची यादी आपणच हातानं द्यावी लागते. मॉड्यूल नसलेल्या सामानाची तर आणखी पंचाईत. पायथनच्या 3.9 आवृत्तीपासून वेळक्षेत्रांचं मॉड्यूल भाषेतच आलं, पण त्याला लागणारी माहिती ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतं. लिनक्सवर ती असते, विंडोजवर नसते. परिणाम असा की भारतात बसून, भारतीय वेळेत, 'एशिया/कोलकाता' मागितलं तरी प्रोग्रॅम म्हणतो, असं गाव नाही. त्या माहितीचं वेगळं पॅकेज मिळतं, ते आठवणीनं पेटीत टाकावं लागतं. बदली झालेल्या घरी ट्रक पोचल्यावर गॅसचा रेग्युलेटर जुन्याच घरी राहिल्याचं कळावं, तसला हा प्रकार.

उलट चूकही होते. मी पहिल्यांदा ईएक्सई बांधला तो माझ्या नेहमीच्या पसाऱ्यातून. तिथं कधीकाळी कशाकशासाठी आणलेल्या लायब्ररी होत्या, त्यांतल्या कितीतरी पट्टीच्या सोबत निघाल्या. दीडशे ओळींची फाइल अशी फुगली की मेलनं जाईना. तेव्हापासून रिकामं, वेगळं आवरण करून त्यात लागेल तेवढंच बसवून बांधायचं हा नियम केला. तरीही ईएक्सई काही एमबींचा होतोच. दुभाषा सोबत आहे म्हटल्यावर त्याचं वजन येणार.

मेल जात नाही म्हटल्यावर फाइल पेनड्राइव्हवर घातली आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघालेल्या एका नातेवाइकाच्या हातात दिली. ती मिरजेला पोचली, तिथून सांगलीला. या प्रवासात मला अतुल चिटणीस आठवले. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेंगळुरूत स्थिरावलेले चिटणीस 2001 मध्ये सुरू झालेल्या 'लिनक्स बंगलोर' या परिषदेमुळं माहीत असतात. पुढं तिचं नाव 'फॉस डॉट इन' झालं. 2013 मध्ये ते गेले. पण माझ्या मते त्यांचं मोठं काम त्याआधीचं. नव्वदच्या दशकात, जेव्हा फोनच्या तारेवरून लिनक्स उतरवून घेणं म्हणजे आठवड्याची बेगमी होती, तेव्हा त्यांनी ते पीसी क्वेस्ट मासिकासोबत सीडीवर घालून घरोघर पोचवण्याचा उद्योग चालवला. घेणाऱ्याकडं काहीच नाही असं धरून चालायचं आणि सगळं सोबत द्यायचं, ही वृत्ती ढगात राहायला गेलेल्या आजच्या बेंगळुरूत थोडी दुर्मीळ झाली आहे.

पेनड्राइव्ह पोचला, आणि ईएक्सई उघडेना. एक डीएलएल सापडत नाही म्हणाला. कारण शोधलं तेव्हा कळलं की दुकानातलं यंत्र विंडोज 7 वर आहे. मायक्रोसॉफ्टनं त्याला जानेवारी 2020 मध्ये निरोप दिला, पायथनची 3.8 ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. बिऱ्हाड सगळं सोबत घेतं, जमीन मात्र घेऊ शकत नाही. प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम ही जमीन. म्हणून लिनक्सवर बसून विंडोजचा ईएक्सई पायइन्स्टॉलर बांधून देत नाही. विंडोजसाठी विंडोजवर बसावं लागतं. लिनक्सच्या बाबतीत जुन्यात जुन्या यंत्रावर बांधावं, कारण तिथली पायाभूत सी लायब्ररी जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालवते, नव्यावरचं जुन्यावर नाही.

मग 3.8 आणलं, पुन्हा बांधलं, पुन्हा पाठवलं. आता उघडला आणि कोसळला. हा किस्सा मराठी वाचकासाठी सविस्तर सांगायला हवा. माझ्या लिनक्सवर फाइल उघडली की पायथन ती यूटीएफ-8 आहे असं धरतो. त्या विंडोजवर तो 1252 नावाची पश्चिम युरोपीय लिपीसारणी धरत होता. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटांचं. 'हळद' या शब्दाचे नऊही बाइट त्या सारणीत कुठल्या ना कुठल्या चिन्हाला लागू पडतात, म्हणून हळद नुसती विद्रूप होते. पण आपल्या पाय मोडण्याच्या चिन्हाचा, हलन्ताचा, तिसरा बाइट त्या सारणीत रिकामा आहे. तो आला की पायथन हात वर करतो. म्हणजे 'हळद' वाचता येते (भलतीच का होईना), आणि 'पट्टी' आली की कोसळतं! माझ्या चाचणीच्या फाइलीत नावं इंग्रजीत होती, हे वेगळं सांगायला नको. फाइल उघडताना यूटीएफ-8 असं स्पष्ट लिहिणं, एवढाच उपाय, 3.15 पासून पायथन सगळीकडं तेच धरणार आहे. ही चूक बांधणीची नव्हती. पण माझ्या घराची हवा मी पेटीत भरली नव्हती, हे बांधणीमुळं कळलं.

शेवटचा अडथळा अँटिव्हायरसचा. कुठला ते राहू द्या. एका सकाळी त्यानं ईएक्सई उचलून कोठडीत टाकला आणि मामांनी मला गंभीर आवाजात विचारलं, "अरे, तू पाठवलंस त्यात काही नाही ना?" त्या सॉफ्टवेअराचा संशय अगदीच निराधार नसतो. अनोळखी फाइल येते, गुपचूप तात्पुरत्या जागी सामान उतरवते आणि त्यातलं काही चालवते, हे वर्तन चोराचंही असतं. शिवाय व्हायरस लिहिणारेही हेच साधन वापरतात, तोच बूटलोडर त्यांच्याही फाइलीच्या तोंडाशी असतो. एकाच फाइलीचा हट्ट सोडून फोल्डरच्या रूपात बांधलं, बूटलोडर स्वतः घडवून घेतला, तेव्हा संशय मिटला. विकायचं सॉफ्टवेअर असेल तर डिजिटल सही विकत घ्यावी. पट्टीसाठी ते परवडलं नसतं.

दोन गैरसमज मात्र आताच दूर करतो. ईएक्सई झाला म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत रूपांतर झालं, आता तो वेगानं पळेल, असं पुष्कळांना वाटतं. पायइन्स्टॉलर काही रूपांतर करत नाही. तोच दुभाषा, तोच वेग. नुइटका सी भाषेतून जातं, त्याची गोष्ट थोडी वेगळी, आणि तिथंही पायथनचा पसारा सोबत लागतोच. दुसरा समज अधिक धोक्याचा: आत काय आहे ते कुणाला दिसणार नाही. दिसतं. पेटी उघडणारी साधनं सर्रास मिळतात. तेव्हा डेटाबेसचा पासवर्ड ईएक्सईत घालून निश्चिंत झोपू नये.

एक गोष्ट मला अजून सलते. या क्रियेला 'फ्रीझ' करणं म्हणतात, गोठवणं. आपण बांधलं त्या दिवसाचा पायथन, त्या दिवसाची ओपनएसएसएल लायब्ररी, सगळं त्या दिवशीच थांबतं. पुढं तिच्यात भगदाड सापडलं आणि जगानं दुरुस्ती करून घेतली, तरी मामांच्या यंत्रावरची प्रत तशीच राहते. 3.8 ची देखभाल 2024 मध्ये थांबली. दुकानातला ईएक्सई अजून त्याच्यावरच आहे. तो नेटला जोडला जात नाही म्हणून मी गप्प आहे. जोडला जाणार असता तर मी यंत्रच बदलायला लावलं असतं, आणि 'पाठवलं की सुटलो' असं म्हणणाऱ्यानं या वाटेला जाऊच नये असं माझं मत आहे. कुणी विचारेल, मग वेबसाइट का नाही केली? ज्याच्याकडं खात्रीचं नेट आहे त्यानं जरूर करावी. सौद्याच्या दिवशी यार्डातला हॉटस्पॉट पाहिलेला माणूस हा प्रश्न विचारत नाही.

पुस्तिकेत पुढं काय आहे हे अनुक्रमणिकेत दिसेलच. पायथन येतं असं मी धरलेलं आहे; सी येत नसेल तरी चालेल. चिडचिड होईल तिथं चौथं प्रकरण उघडावं, त्यात फक्त चुकांचे संदेश आणि त्यांची कारणं आहेत, बहुतेक सगळी मी स्वतः भोगलेली.

सुरुवात करण्याआधी एकच तयारी लागेल: ज्यावर पायथन कधीच बसवलेला नाही असा एक संगणक. आपल्या रोजच्या यंत्रावर ईएक्सई चालला याला काही अर्थ नसतो. पेटीत राहून गेलेली वस्तू ते यंत्र मुकाट्यानं घरातून काढून देतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. असा संगणक बेंगळुरूत माझ्या ओळखीच्या एकाही घरात निघाला नाही. शेवटी एस. पी. रोडवरच्या एका दुकानातून जुना डेस्कटॉप उचलला. दुकानदार विचारत होता, "सर, पायथन घालून देऊ का? फ्री आहे." त्याला नको म्हणताना फार कष्ट पडले. तुम्ही तुमचा आधी शोधून ठेवा.